खसखस, हुर्राक आणि अणुभट्टीचं फाटक

एप्रिल संपत आला की आमच्या गोव्यात डिचोलीकडे वाऱ्यालाच काजूच्या बोंडूंचा वास येतो आणि संध्याकाळी पडवीवर हुर्राकची, म्हणजे त्याच बोंडूंच्या रसाच्या दारूची, बाटली निघते. यंदा त्याच दिवसांत भाचा सुट्टीवर आला होता. तो अमेरिकेत एका कंत्राटदाराकडे व्हॉल्व्ह दुरुस्तीचं काम करतो. तिथली अणुवीज केंद्रं इंधन बदलायला दीड-दोन वर्षांनी एकदा काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा अशा कामगारांच्या टोळ्या या केंद्रातून त्या केंद्रात फिरत असतात. हा त्यातलाच एक. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातलेले दोन ग्लास त्याने माझ्यासोबत मजेत घेतले. मग शेजारच्या पोरांपैकी एकाने पेटवलेली सिगारेट पुढे केली. तिच्यात नुसता तंबाखू नव्हता, हे वासावरून मलाही कळलं. भाचा विंचू दिसल्यासारखा उठला आणि थेट अंगणात गेला.

"दारू चालते आणि हे चालत नाही? कसलं रे तुमचं सोवळं?" मी विचारलं.

"मामा, रात्रीची दारू सकाळपर्यंत उतरते. हे आठवड्याने बाटलीत सापडलं तर माझं फाटक बंद."

बाटली म्हणजे कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. तीस वर्षं मी म्हापशात एका लॅबमध्ये लोकांच्या लघव्या तपासत होतो. पण अणुवीज केंद्राच्या फाटकावर त्या बाटलीभोवती केवढा कायदा उभा केलाय, ते मात्र त्याच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून समजलं. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. लोकांना वाटतं, या चाचण्या दारुड्यांना आणि गर्दुल्ल्यांना पकडायला असतात. असतात हे खरंच. पण नियमांची निम्मी पानं काहीही न केलेल्या माणसाला चुकून पकडू नये म्हणून लिहिलेली आहेत. ती निम्मी पानं मला जास्त आवडली.

नियम अमेरिकेचे. तिथल्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने ते १९८९ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी १९९० पासून लागू झाले. (आपल्याकडे एनआरसी म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं, म्हणून मी आपला 'आयोग' म्हणतो.) २००८ मध्ये ते मुळापासून नव्याने लिहिले गेले आणि २०२२ मध्ये चाचणीच्या मर्यादा आणखी कडक झाल्या. केंद्रीय नियमसंहितेच्या १० व्या शीर्षकाखालचा हा २६ वा भाग. कामगार त्याला 'पार्ट ट्वेंटी-सिक्स' म्हणतात. अधिकृत नाव 'फिटनेस फॉर ड्युटी', म्हणजे कामावर उभं राहण्याची लायकी. नावात ना दारू आहे ना नशा.

हे नियम कुणाला लागू? आपल्याला वाटेल, कंट्रोल रूममध्ये बटणांसमोर बसणाऱ्यांना. तसं नाही. केंद्राच्या कुंपणाआतल्या संरक्षित भागात सोबत कुणी न घेता, एकट्याने फिरायची परवानगी ज्याच्या ओळखपत्रावर आहे, त्या प्रत्येकाला. त्यात इंजिनिअर आला, झाडूवाला आला, परांची बांधणारा कंत्राटी गडी आला आणि तसं ओळखपत्र गळ्यात असेल तर मोठा साहेबही आला. पाहुणा म्हणून गेलात तर चाचणी नाही, पण मग एकटं पाऊल टाकता येत नाही. तुमच्यासोबत जो फिरेल, त्याची चाचणी झालेली असते. चाचणी घेणाऱ्या माणसांचीही चाचणी होते. भाचा म्हणतो, त्यांना बाटली धरून उभं राहिलेलं बघायला सगळ्यात मजा येते.

चाचणीचे प्रसंग पाच. पहिल्यांदा आत जाण्यापूर्वी एक. कुणाचं वागणं, बोलणं, वास संशयास्पद वाटला तर एक. माणसाच्या हातून चूक होऊन कुणी जबर जखमी झालं किंवा केंद्राच्या सुरक्षेला धक्का लागला तर त्यानंतर एक. पूर्वी सापडलेला माणूस उपचार घेऊन परत आला असेल तर त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या चाचण्या. आणि पाचवी, सगळे जिला वचकून असतात ती, अचानक होणारी.

अचानक म्हणजे कशी, ते सांगायला आपल्याकडे छान उदाहरण आहे. फेस्ताच्या रात्री हाउजी खेळलात तर माहीत असेल, एकदा पुकारलेला आकडा परत पिशवीत जात नाही. त्यामुळे पत्रिका भरत आली की पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. इथे उलटं. आज तुमचं नाव निघालं की तुमची चिठ्ठी लगेच परत पिशवीत. उद्या पुन्हा निघू शकते. 'माझी या वर्षीची झाली, आता मोकळा,' असं कुणालाच म्हणता येऊ नये, हाच त्यातला डाव. रात्रपाळी, रविवार, नाताळ, कुठलीही वेळ वर्ज्य नाही. कारण ठरावीक वेळी पाऊस पडतो हे कळलं की लोक छत्री घेऊनच निघतात.

सुरुवातीला वर्षभरात जितकी माणसं तितक्या चाचण्या घ्याव्या लागत. १९९४ पासून त्या निम्म्यावर आल्या: हजार माणसं असतील तर वर्षाला किमान पाचशे. मी कागदावर गणित करून पाहिलं. चिठ्ठी परत टाकायची असल्यामुळे पाचशे चाचण्या पाचशे वेगळ्या माणसांच्या होत नाहीत. हजारातल्या सुमारे सहाशे जणांचं नाव वर्षात एकदाही निघत नाही, तीनशेंचं एकदा निघतं आणि नव्वदेक जणांचं दोन किंवा जास्त वेळा. त्या नव्वदांना वाटतं, साहेबाचा आपल्यावर डोळा आहे. भाच्याची मार्चमध्ये दोनदा झाली, तेव्हा त्यालाही तसंच वाटलं होतं. मी त्याला हा कागद दाखवला. "गणित बरोबर असेल मामा," तो म्हणाला, "पण पोटात गोळा यायचा तो येतोच."

आता दारू. भाच्याच्या त्या एका वाक्यात खरं तर सगळं आलं होतं. दारूची चाचणी विचारते, 'आत्ता तुझ्या रक्तात काय आहे?' लघवीची चाचणी विचारते, 'गेल्या काही दिवसांत तू काय घेतलंस?' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्याने होतो.

दारूसाठी श्वासाच्या यंत्रात फुंकायचं. तोंडात नुकतंच काही गेलं असेल तर १५ मिनिटं थांबवतात, कारण माउथवॉशमधली दारू तोंडात रेंगाळते आणि यंत्राला रक्तातली वाटते. मर्यादा आहे ०.०४ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ४० मिलिग्रॅम दारू. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये गाडी चालवणाऱ्याला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८० ची. म्हणजे म्हापशाच्या पुलावर पोलिसाने अडवलेला स्कूटरवाला कागदावर तरी अणुकेंद्राच्या फाटकावरच्या माणसापेक्षा कडक नियमाखाली आहे! हे वाचून मी जरा हबकलोच. पण पुढचं वाचल्यावर कळलं की खरी करामत ४० च्या आकड्यात नाहीच, घड्याळात आहे.

आपलं शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या चालीने दारू जाळतं. कुणाचं १०, कुणाचं २०, पण गणिताला १५ धरू. काजूची फेणी साधारण ४२-४३ टक्क्यांची. सत्तर किलोच्या माणसाने तिचा ६० मिलिलिटरचा एक पेग एकदम घेतला तर रक्तात ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम चढतात, म्हणजे एका पेगात माणूस बरोबर रेषेवर.

नियम म्हणतो, कामावर पोहोचण्यापूर्वी पाच तास दारूचा थेंब नको. ऐकायला सोपं. समजा सकाळी सातची पाळी आहे. लग्नघरी रात्री अकराला बसलात आणि बरोबर दोनला ग्लास खाली ठेवलात. नियम पाळला. पण या तीन तासांत चार पेग झाले असतील तर एकशेसाठाच्या वर मिलिग्रॅम आत गेले. अकरा ते सात, आठ तासांत जळाले १२०. उरले चाळीसच्या वर. पाच तास पाळूनही तुम्ही फाटकावर अडकलात. केंद्राच्या धोरणात म्हणूनच स्पष्ट लिहावं लागतं की पाच तास ही कमीत कमी अट आहे, तेवढ्याने माणूस ठीक होईलच असं नाही. पोरं पहिली ओळ पाठ करतात आणि दुसरी विसरतात.

घड्याळाची दुसरी करामत आत गेल्यावर. कामावर येऊन तास उलटला असेल तर मर्यादा ४० वरून ३० वर येते. दोन तास उलटले तर २०. का? आत दारू मिळत नाही. दोन तासांनी तुमच्यात २० सापडले, तर दोन तासांपूर्वी, फाटकातून शिरताना, ५० च्या आसपास असणार. किंवा मग तुम्ही आत येऊन प्यालात, आणि ते तर त्याहून वाईट. म्हणजे यंत्र आकडा आत्ताचा दाखवतं, पण नियम त्यावरून मागचा आकडा काढतो. आणि तीन तासांनंतर १० ते २० च्या मधे काही सापडलं, तर निकाल निगेटिव्हच धरतात, पण माणसाला लगेच काम देत नाहीत. आधी तो ठीक आहे का ते बघतात.

यातला एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटला. समजा सुट्टीचा दिवस आहे, तुम्ही दोन ग्लास घेऊन बसलात आणि केंद्रातून फोन आला, 'ताबडतोब या, पंप बिघडलाय.' अशा वेळी फोन करणाऱ्याने विचारलंच पाहिजे की गेल्या पाच तासांत घेतली आहे का, आणि तुम्ही खरं सांगायचं. घेतली म्हणालात म्हणून शिक्षा नाही. सुट्टीत पिणं हा गुन्हा नव्हेच. मग ते ठरवतात, बोलवायचं की नाही. खरं बोलायला भीती वाटली तर लोक खोटं बोलतील आणि प्यालेले येऊन पंपाला हात घालतील, इतका साधा हिशोब. आमच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला माणूस 'चहा घेतला' हे कबूल करायला लाजायचा, त्याची आठवण झाली. न रागावता विचारलं की सांगायचा.

आता ती बाटली. नशेच्या पदार्थांची ही तपासणी मुख्यतः लघवीतून होते. गांजा, कोकेन, अफूच्या वर्गातले मॉर्फीन-कोडीन आणि हेरॉइनची खूण, अँफेटामाइनचे प्रकार, आणि फेन्सायक्लिडिन नावाचं एक द्रव्य, इतकी नेहमीची यादी. २०२२ च्या बदलात पार्ट्यांमध्ये चालणाऱ्या एमडीएमएची भर पडली. हणजुणे-वागातोरच्या बातम्या वाचणाऱ्याला ते नाव नवं नाही.

खोलीचं वर्णन भाच्याने केलं आणि मला हसू आलं, कारण आमच्याकडे पेशंट घरून जॅमच्या बाटलीत नमुना आणायचे. तिथे आधी जॅकेट काढून ठेवायचं, खिसे रिकामे करून दाखवायचे, हात धुवायचे. संडासातल्या पाण्यात निळा रंग घातलेला, म्हणजे तेच पाणी ओतून बाटली भरता येऊ नये. आत नळ नाही. निदान ३० मिलिलिटर नमुना लागतो. बाटली हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत तापमान बघतात: ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या मधे हवं. ताजी लघवी अंगाइतकी गरम असते; खिशातून चोरून आणलेली दुसऱ्याची थंड पडते. (गोव्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं गरम असतं की आमच्याकडे ही चाचणी नळाच्या पाण्यानेही पास होईल.) तापमान बसलं नाही तर तिथल्या तिथे दुसरा नमुना, आणि तो त्याच लिंगाच्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

पाणी मिसळणाऱ्याला पुढे क्रिएटिनिन गाठतं. हा आपल्या स्नायूंतून रोज ठरल्यासारखा बाहेर पडणारा कचरा. डेसिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि घनताही उतरली की नमुना पातळ केलेला. २ च्या खाली गेला आणि घनताही माणसाच्या लघवीत न बसणारी निघाली, तर ती माणसाची लघवीच नव्हे. भीतीने लघवी येत नाही अशांसाठी तीन तासांची सवड आहे, दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी देतात. पण मोजून. घटाघटा प्यालात तर बाटलीत नुसतं पाणीच यायचं.

इथे मला आपल्या जवळचं केंद्र आठवलं. काणकोण ओलांडून पोळ्याच्या नाक्यावरून कारवारला उतरलं की काळी नदीच्या वरच्या अंगाला कैगा. २२० मेगावॉटचे चार संच, जड पाण्यावर चालणारे. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, तयार होतं, म्हणून तिथल्या कामगारांची लघवी नियमित तपासली जाते. अणुकेंद्रात लघवीची बाटली ही रोजची गोष्ट, पण कारण वेगळं. नोव्हेंबर २००९ मध्ये याच तपासणीत पन्नासहून जास्त कामगारांच्या लघवीत ट्रिटियम नेहमीपेक्षा वाढलेलं दिसलं. शोध घेतला तेव्हा कळलं, आतल्याच कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमचं जड पाणी मिसळलं होतं. त्या वेळी उपाय काय? भरपूर पाणी पाजणं, म्हणजे ते लघवीवाटे लवकर निघून जातं. एकाच कारखान्यात एका बाटलीसाठी 'जास्त पाणी पी' म्हणतील आणि दुसरीसाठी 'जास्त पिऊ नकोस'. पण कैगाच्या प्रकारातून आणखी एक गोष्ट कळते. तिथे धोका यंत्रातून आला नव्हता, ओळखपत्र असलेल्या माणसाकडून आला होता. अमेरिकेच्या नियमाचा रोखही तिथेच आहे. माणूस आज झिंगलाय का, एवढाच प्रश्न नाही; या माणसावर कुंपणाच्या आत विश्वास टाकावा का, हा आहे.

लॅबमध्ये नमुना दोनदा तपासतात. पहिली चाचणी झटपट आणि स्वस्त. तिचं काम कुलपासारखं: ठरावीक आकाराची किल्ली लागली की उघडतं. पण सारख्या दिसणाऱ्या किल्ल्याही कधी लागतात. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन अँफेटामाइनच्या कुलपाला थोडंफार लागतं. म्हणून पहिल्या चाचणीवर कुणाला दोषी धरत नाहीत. दुसरी चाचणी मास स्पेक्ट्रोमेट्रीची; तिथे रेणूचे तुकडे करून वजनं मोजतात. जुळ्या भावांना चेहऱ्यावरून ओळखणं आणि बोटांच्या ठशांवरून ओळखणं, इतका या दोहोंत फरक. गांजाच्या खुणेसाठी पहिल्या चाचणीत मर्यादा मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि दुसऱ्यात १५. नमुना दोन बाटल्यांत वाटून ठेवता येतो, म्हणजे 'माझं नाही हे' म्हणणाऱ्याला दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्यायला सांगता येतं.

आणि मग खसखस. आमच्या शागोतीच्या वाटणात खसखस, अनारशावर खसखस, सर्दी झाली की खसखशीची खीर. खसखस अफूच्याच बोंडातली. बियांत नशा नसते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना चिकटून येतो आणि त्यातून मॉर्फीन-कोडीन लघवीत उतरू शकतं. अमेरिकेत पूर्वी सरकारी चाचण्यांत मॉर्फीनची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम होती. त्यात खसखशीचे पाव खाणारी माणसं सापडू लागली. म्हणून १९९८ मध्ये ती २००० वर नेली, एकदम जवळपास सातपट. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस खाऊच नका म्हणून कळवलं होतं.

अणुकेंद्रांच्या नियमात या खसखशीची काळजी एक डॉक्टर घेतो. त्याला मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात आणि माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत हाच महत्त्वाचा माणूस. लॅबमधून आलेला पॉझिटिव्ह कागद हा अजून निकाल नसतो. तो आधी या डॉक्टरच्या टेबलावर जातो. डॉक्टर कामगाराशी बोलतो: काही औषध चालू आहे का? कुणी लिहून दिलं? खोकल्याचं कोडीनवालं औषध घेतलं का? दात काढला होता का? चिठ्ठी दाखवली, खरी निघाली, तर साहेबाच्या कानावर जातं ते 'निगेटिव्ह'. नुसतं मॉर्फीन किंवा कोडीन २००० च्या वर सापडलं तरी डॉक्टरला गैरवापराची दुसरी काही लक्षणं दिसावी लागतात. मात्र १५,००० नॅनोग्रॅमला पोहोचलात की 'खाल्लं होतं' हे कारण चालत नाही. इतकी खसखस शागोतीत कुणी घालत नाही. हेरॉइनची स्वतःची एक खूण असते, ती सापडली तर प्रश्नच मिटला. ती खसखशीतून येत नाही. गांजाच्या बियांचं तेल किंवा कोकाच्या पानांचा चहा प्यालो, ही सबबही डॉक्टरला मान्य करता येत नाही.

गांजाबाबतीत मात्र नियमाची एक दुखरी बाजू आहे. गांजाची खूण चरबीत मुरते आणि सावकाश बाहेर येते. कधीतरी झुरका मारणाऱ्यात काही दिवस, रोजच्या शौकिनात कित्येक आठवडे. म्हणजे बाटली पॉझिटिव्ह आली याचा अर्थ माणूस त्या वेळी नशेत होता असा होत नाही. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत गांजा आता कायदेशीर आहे, पण हा नियम केंद्र सरकारचा. राज्याने परवानगी दिली म्हणून सूट नाही. रविवारी घरी बसून कायद्याने ओढलेल्या गांजासाठी बुधवारी फाटक बंद, हे अन्याय्य वाटणारे लोक आहेत. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही.

शिक्षेच्या पानावर एक उतरंड आहे, ती नीट वाचण्यासारखी. पहिल्यांदा पॉझिटिव्ह सापडलात तर निदान १४ दिवस प्रवेश बंद; परत यायचं तर तज्ज्ञाकडून तपासणी, उपचार आणि पुढे न सांगता होणाऱ्या चाचण्या. दुसऱ्यांदा सापडलात तर पाच वर्षं. कुंपणाच्या आत नशेचा माल विकला, बाळगला किंवा वापरला तर पहिल्याच वेळी पाच वर्षं. त्यानंतरही घडलं तर कायमचं. पण चाचणी चुकवली, नमुना द्यायला नकार दिला, दुसऱ्याची लघवी आणली, त्यात काही मिसळलं, तर पहिल्याच फटक्यात कायमची बंदी. देशातल्या एकाही केंद्रात पुन्हा पाऊल नाही. नशेपेक्षा लबाडीला शिक्षा मोठी. ऐकायला विचित्र वाटेल, पण नशा सोडवता येते. वाल्व्ह बंद केला म्हणून खोटी सही करणाऱ्या माणसाचं मात्र अणुकेंद्रात काय करायचं?

याच भागात, याच नावाखाली, २००८ पासून आणखी एक विषय आला आणि भाचा त्याच्याबद्दल बाटलीपेक्षा जास्त बोलतो: झोप. महत्त्वाची कामं करणाऱ्याला २४ तासांत १६ तासांहून, ४८ तासांत २६ हून आणि सात दिवसांत ७२ हून जास्त काम देता येत नाही. दोन पाळ्यांमध्ये साधारण दहा तासांची विश्रांती. १९८७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातलं पीच बॉटम केंद्र आयोगाने बंद करायला लावलं होतं, कारण कंट्रोल रूममधले ऑपरेटर ड्युटीवर झोपलेले आढळले होते. झोपेला ना ब्रेथलायझर आहे ना बाटली. म्हणून तास मोजतात आणि सोबत्यांना एकमेकांकडे लक्ष ठेवायला शिकवतात: रोज बोलणारा गप्प का झाला, हात का थरथरतोय, तीच सूचना तीनदा का विचारतोय. भाच्याच्या मुकादमाने एकदा त्याला असंच बाजूला घेतलं होतं. घरी आजी वारली होती, चार रात्री झोप नव्हती. त्याला चाचणीला पाठवलं, निगेटिव्ह आला आणि मग दोन दिवस घरी. त्याला अपमान वाटला होता म्हणे. आता नाही वाटत.

अचानक चाचण्या मात्र सगळीकडे इतक्या निमूटपणे मान्य झालेल्या नाहीत. कॅनडात गांजा ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदेशीर झाला आणि तिथल्या अणुआयोगाने सुरक्षेची कळीची कामं करणाऱ्यांची, वर्षाला २५ टक्के या प्रमाणात, अचानक चाचणी घ्यायचं ठरवलं. कामगार संघटना कोर्टात गेल्या. म्हणणं असं की संशय नसताना माझ्या शरीरातून नमुना का काढता? हे म्हणणं हवेतलं नव्हतं. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कागद गिरणीतल्या अशाच अचानक दारू-चाचणीला चूक ठरवलं होतं. अणुकेंद्रांच्या बाबतीत मात्र २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने आणि २०२४ मध्ये अपील कोर्टाने आयोगाची बाजू घेतली. कागद गिरणी आणि अणुभट्टी यांत फरक केला तो असा.

गोव्यातल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे घराघरात कुणी ना कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. जहाजावर आंतरराष्ट्रीय नियमाने ०.०५ टक्क्यांची मर्यादा आहे. दाबोळी-मोपाच्या वैमानिकांना उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्य, आणि यंत्रात काहीच दिसता कामा नये. आमच्या वाड्यावरचा एक जुना तारवटी हे ऐकत बसला होता. म्हणाला, "आमचा कॅप्टन नुसतं तोंडाजवळ येऊन गुड मॉर्निंग म्हणायचा. तीच टेस्ट."

भाचा निघाला त्या सकाळी बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, डबाभर अनारसे बांधून दिले होते. वरून खसखस अशी चिकटलेली की खालचा अनारसा दिसत नव्हता. गाडीत बसताना तो डबा मांडीवर घेऊन जरा वेळ बघत राहिला. सोमवारपासून नवं केंद्र, म्हणजे प्रवेशाची चाचणी नक्की.

"दोन हजार ना रे मर्यादा?" मी विचारलं.

"दोन हजार. आणि वर डॉक्टर आहे."

साखळी ओलांडेपर्यंत त्याने दोन संपवले होते.